हरवलेले सरोवर, बंद पडलेली रेल्वे : जुने नकाशे वाळवंटाचा इतिहास कसा सांगतात?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नकाशांत कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी एक मोठे निळे सरोवर दिसते. त्याचे नाव ओवेन्स लेक. नंतरच्या काळातील नकाशे पाहिले तर त्याच जागी जवळपास कोरडा तळ दाखवलेला असतो. तिथून सुमारे ४०० किलोमीटर आग्नेयेला नेमके उलटे घडलेले दिसते. १९०५ पूर्वी जिथे कोरडा, मिठाने भरलेला खोलगट भाग होता, तिथे नंतरच्या नकाशांत साल्टन सी नावाचे अवाढव्य सरोवर येते.

एक सरोवर नाहीसे झाले, दुसरे नव्याने तयार झाले. दोन्ही गोष्टी माणसाच्या हातून घडल्या. नकाशांचे दोन कागद शेजारी ठेवले की हा बदल लगेच लक्षात येतो.

वाळवंट म्हटले की रिकामी जागा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील मोहावी वाळवंट आणि त्याच्या आजूबाजूच्या प्रदेशाचे जुने नकाशे वेगळेच चित्र दाखवतात. तिथे रस्ते होते, रेल्वे होती, खाणी होत्या आणि त्याआधी हजारो वर्षे वस्ती करून असलेले लोक होते. ही वस्ती कुठे टिकली आणि कुठे उठली, याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीत सापडते, ती म्हणजे पाणी.

स्थलनिर्देशक नकाशा म्हणजे काय?

शाळेच्या भूगोलात ज्याला टोपोशीट म्हणतात, तोच हा स्थलनिर्देशक नकाशा. यात जमिनीचा चढउतार समोच्च रेषांनी दाखवतात आणि त्यासोबत नद्या, झरे, रस्ते, लोहमार्ग, घरे, खाणी यांची नोंद असते. राजकीय नकाशा सीमा दाखवतो, तर टोपोशीट प्रत्यक्ष जमिनीवर काय आहे ते दाखवते.

अमेरिकेत हे काम यूएसजीएस, म्हणजे तिथला भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग करतो. त्याची स्थापना १८७९ मध्ये झाली. दुसरे संचालक जॉन वेस्ली पॉवेल यांच्या काळात, १८८० च्या दशकात संपूर्ण देशाचे पद्धतशीर नकाशे तयार करायला सुरुवात झाली. १८८४ ते २००६ या काळातील असे पावणेदोन लाखांहून अधिक नकाशे या विभागाने स्कॅन केले असून ते ‘टोपोव्ह्यू’ या संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता आणि डाउनलोड करता येतात.

या नकाशांचे प्रमाण, म्हणजे स्केल, काळानुसार बदलत गेले. सुरुवातीचे वाळवंटी भागांचे अनेक नकाशे १:२,५०,००० प्रमाणाचे होते. त्यात कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. पुढे १:६२,५०० प्रमाणाचे नकाशे आले, ज्यात एक सेंटीमीटर म्हणजे ६२५ मीटर. शेवटी १:२४,००० प्रमाण रूढ झाले. त्यात एक सेंटीमीटर म्हणजे फक्त २४० मीटर, त्यामुळे एकेक घर आणि एकेक खाणीचे तोंडही दिसते.

वाळवंटाचेच नकाशे इतके उपयोगी का?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण हवामान. पाऊस कमी, झाडी कमी आणि शेतीही नाही. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची चाकोरी, रेल्वेचा भराव किंवा घराचा पाया आजही जमिनीवर ओळखू येतो. नकाशावरची रेघ उपग्रहचित्रावर ठेवून पाहिली की पुसट खूण दिसते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. वाळवंटात पाण्याची जागा माहीत असणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. दाट वस्तीच्या प्रदेशाच्या लहान प्रमाणाच्या नकाशात एखाद्या विहिरीला जागा मिळत नाही. वाळवंटाच्या नकाशात मात्र एकटी विहीरही नावासकट येते. १९०९ मध्ये यूएसजीएसचे वॉल्टर मेंडेनहॉल यांनी आग्नेय कॅलिफोर्निया आणि नैर्ऋत्य नेवाडातील पाणवठ्यांवर एक स्वतंत्र अहवालच प्रसिद्ध केला. कोणत्या झऱ्याला पाणी किती आणि ते पिण्याजोगे आहे का, हे प्रवाशाला कळावे हा त्यामागचा हेतू. १९१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून वाळवंटातील पाणवठ्यांकडे जाणाऱ्या वाटांवर पाट्या लावण्याचे काम याच विभागावर सोपवले.

त्यामुळे या नकाशांत पाण्याच्या खुणा एकामागून एक जोडत गेले की माणसांच्या जुन्या वाटा आपोआप तयार होतात.

एकाच ठिपक्यावर दीडशे वर्षे

सोडा स्प्रिंग्ज हे याचे उत्तम उदाहरण. मोहावीच्या मध्यभागी, सोडा लेक नावाच्या कोरड्या तळ्याच्या काठावर हे झरे आहेत. कोलोरॅडो नदीकाठचे मोहावी लोक समुद्रकिनाऱ्यापर्यंत व्यापारासाठी पायी जात, ती वाट एका झऱ्याकडून दुसऱ्या झऱ्याकडे जाणारी होती. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश धर्मगुरू मोहावी वाटाड्यांच्या मदतीने याच वाटेने गेला. १८६० च्या दशकात अमेरिकी सैन्याने या वाटेवरील पाणवठ्यांजवळ चौक्या उभारल्या आणि पायवाटेचा गाडीरस्ता झाला. आज तो मोहावी रोड म्हणून ओळखला जातो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच जागेजवळून रेल्वे गेली. १९४४ मध्ये कर्टिस स्प्रिंगर नावाच्या इसमाने तिथे आरोग्यधाम थाटले आणि जागेला ‘झायझिक्स’ असे विचित्र नाव दिले. इंग्रजी वर्णमालेत आपले नाव सर्वांत शेवटी यावे ही त्यामागची कल्पना. जमीन सरकारी असल्याने १९७४ मध्ये त्याला तिथून हुसकावण्यात आले. १९७६ पासून तिथे कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाचे वाळवंट अभ्यास केंद्र चालते.

वाट, चौकी, रेल्वे, आरोग्यधाम, अभ्यास केंद्र. दीडशे वर्षांत जागेचा वापर इतका बदलला, पण कारण बदलले नाही. तिथे बारमाही पाणी आहे.

रेल्वेची बाराखडी

मोहावीच्या नकाशात पूर्वेकडील नीडल्सपासून पश्चिमेला जाणारा लोहमार्ग ठळक दिसतो. हा मार्ग १८८३ मध्ये पूर्ण झाला. त्यावरील स्थानकांची नावे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचली तर गंमत कळते : अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स, होमर. इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने, ए पासून पुढे, रेल्वेने ही नावे ठेवली. म्हणजे बहुतेक ठिकाणी आधी गाव आणि मग स्थानक असे झाले नाही. इंजिन आणि रुळांच्या देखभालीसाठी ठरावीक अंतरावर ठाणी लागत, तिथे नावे चिकटवली गेली. अँबॉयसारख्या ठिकाणी जमिनीतले पाणी इतके खारट की पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे.

१९२६ मध्ये प्रसिद्ध ‘रूट ६६’ महामार्ग याच पट्ट्यातून गेला. १९३१ मध्ये रस्त्याची आखणी बदलली आणि गॉफ्स बाजूला पडले. १९७३ मध्ये आंतरराज्य महामार्ग ४० सुरू झाला आणि अँबॉयवरून जाणारी वाहतूक एकदम आटली. वेगवेगळ्या दशकांचे नकाशे क्रमाने पाहिले तर जाड लाल रेघ एका गावावरून उठून दुसरीकडे सरकलेली दिसते. ज्या गावाचे पाणीसुद्धा बाहेरून येते, त्याला रस्ता हलल्यावर स्वतःचा आधार उरत नाही.

समुद्राला न पोहोचलेली रेल्वे

‘टोनोपा अँड टाइडवॉटर’ या रेल्वेची कहाणी तर फक्त नकाशांच्या मालिकेतूनच नीट समजते. बोरॅक्सच्या खाणींमुळे श्रीमंत झालेले उद्योगपती फ्रान्सिस मॅरियन स्मिथ यांनी ती उभारली. १९०५ मध्ये लडलो या ठाण्यापासून काम सुरू झाले आणि १९०७ पर्यंत नेवाडापर्यंतचा सुमारे २७० किलोमीटरचा मार्ग तयार झाला. नावात ‘भरतीचे पाणी’ असले तरी ही रेल्वे समुद्रापर्यंत कधी गेली नाही आणि टोनोपा गावापर्यंत तिचे स्वतःचे रूळही कधी पोहोचले नाहीत.

ही रेल्वे सिल्व्हर लेक नावाच्या कोरड्या तळ्याच्या सपाट तळावरून नेली होती. बांधायला सोपे, चढउतार नाही. १९१६ मध्ये मोहावी नदीला पूर आला आणि कोरडे तळे भरले. रूळ पाण्याखाली गेले आणि मार्ग पूर्वेला हलवावा लागला. नकाशावर ‘कोरडे तळे’ लिहिले आहे म्हणजे ते कायम कोरडे राहील असे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

१९४० मध्ये ही रेल्वे बंद पडली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूळ उखडून नेले. मातीचा भराव मात्र अनेक ठिकाणी अजून शिल्लक आहे.

दहा वर्षांचे शहर

डेथ व्हॅलीजवळ नेवाडात रायोलाइट नावाचे गाव होते. १९०४ मध्ये जवळच्या टेकड्यांत सोने सापडले. तीन वर्षांत तिथे हजारो लोक आले. दगडी बँक, शाळा, वीज आणि तीन रेल्वे कंपन्यांची सेवा असा थाट झाला. मग खाणींचे उत्पन्न अपेक्षेप्रमाणे आले नाही. १९१० च्या जनगणनेत लोकसंख्या ६७५ उरली होती आणि १९१६ मध्ये वीजपुरवठा तोडण्यात आला.

अशा गावांबाबत एकच नकाशा पाहिला तर हमखास फसगत होते. भरभराटीच्या वर्षांत सर्वेक्षण झाले असेल तर गाव कायमचे वाटते. वीस वर्षांनंतर झाले असेल तर गाव होते हेसुद्धा कळत नाही. म्हणून जुना नकाशा नेहमी त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नकाशासोबत वाचायचा असतो.

नावांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. इव्हानपा हे नाव १८६९ च्या सुमारास चांदीच्या खाणींमुळे वसलेल्या वस्तीचे होते. ती वस्ती उठली आणि नंतर तेच नाव दूरच्या रेल्वे ठाण्याकडे गेले. नाव एक, जागा वेगळ्या.

ओवेन्स सरोवर कुठे गेले?

आता सुरुवातीच्या निळ्या डागाकडे येऊ. ओवेन्स लेक मोहावीच्या वायव्य टोकाला आहे. एकेकाळी त्याचा विस्तार सुमारे २८० चौरस किलोमीटर होता. १८७२ मध्ये या सरोवरात ‘बेसी ब्रॅडी’ नावाची आगबोट सोडण्यात आली. सेरो गॉर्डोच्या खाणींतील चांदी आणि शिशाच्या लगडी ती पलीकडच्या काठावर नेत असे. स्वान्सी, कार्टागो, कीलर ही काठावरची नावे नकाशात आजही आहेत. बोटीचा धक्का असलेल्या गावासमोर आता पाणी का नाही, हा प्रश्न नकाशा पाहणाऱ्याला पडतोच.

उत्तर १९१३ मध्ये आहे. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला लॉस एंजेलिस शहराचा जलवाहक कालवा सुरू झाला. विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली बांधलेला हा सुमारे ३७५ किलोमीटरचा मार्ग ओवेन्स नदीचे पाणी थेट शहराकडे घेऊन गेला. सरोवराला पाणी मिळेनासे झाले आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते जवळपास कोरडे पडले.

उघड्या पडलेल्या तळावरून उडणारी खारट धूळ पुढे इतकी वाढली की हा भाग अमेरिकेतील सूक्ष्म धुळीच्या सर्वांत मोठ्या स्रोतांपैकी एक ठरला. तळावर पाणी पसरणे, खडी टाकणे, गवत वाढवणे अशा उपायांवर लॉस एंजेलिसला २ अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला आहे.

गोष्ट इथे संपत नाही. या खोऱ्यात पाययूट लोक शहराच्या कितीतरी आधीपासून राहतात. या सरोवराला ते ‘पात्सियाता’ म्हणतात. डोंगरातून येणारे ओढे अडवून, चर खणून ते जमिनीला पाणी देत आणि खाण्याजोग्या वनस्पती वाढवत. १८५० च्या दशकात ए. डब्ल्यू. फॉन श्मिट या सर्वेक्षकाने सरकारसाठी या भागाची मोजणी केली, तेव्हा हे चर वापरात होते आणि त्याच्या नोंदींत त्यांचा उल्लेख आला. पुढच्या काळात पाययूट कार्यकर्त्यांनी आणि पुरातत्त्व अभ्यासकांनी जमिनीवर या चरांच्या खुणा पुन्हा शोधून काढल्या.

याला महत्त्व का? अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्याच्या हक्काचा ढोबळ नियम असा की ज्याने पाणी आधी वापरात आणले त्याचा हक्क आधी. अशा ठिकाणी जुना नकाशा केवळ हौसेची वस्तू राहत नाही. या पाण्यावर आधी कोणी शेत भिजवले, याचा तो पुरावा असतो.

साल्टन सी : चुकून तयार झालेले सरोवर

कोलोरॅडो नदीचे पाणी इम्पीरियल खोऱ्यातील शेतीकडे नेण्यासाठी १९०१ पासून कालवा वापरात होता. १९०५ मध्ये पुराचे पाणी कालव्याच्या तोंडाशी केलेल्या वाटेतून घुसले आणि नदीने जवळपास आपला मार्गच बदलला. समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेला साल्टनचा खोलगट भाग भरत गेला. मिठागरे बुडाली, सदर्न पॅसिफिक रेल्वेला आपले रूळ पुन्हा पुन्हा उंचावर हलवावे लागले आणि टोरेस-मार्टिनेझ या काहुइला आदिवासींच्या राखीव क्षेत्राची मोठी जमीन पाण्याखाली गेली. फेब्रुवारी १९०७ मध्ये हे भगदाड बुजवण्यात यश आले. सरोवर मात्र राहिले.

बुडालेल्या जागांची नावे, जुना लोहमार्ग, मिठागरे हे सगळे पाहायचे असेल तर १९०५ पूर्वीच्या सर्वेक्षणावर आधारलेला नकाशाच उघडावा लागतो.

जुना नकाशा वाचताना काय पाहावे?

सर्वांत आधी तारीख. नकाशाच्या तळाशी अनेकदा तीन वर्षे छापलेली असतात : सर्वेक्षणाचे, आवृत्तीचे आणि पुनर्मुद्रणाचे. नकाशावरील माहिती सर्वेक्षणाच्या वर्षाची असते. पुनर्मुद्रण वीस वर्षांनंतरचे असले तरी तेवढ्याने रस्ते आणि घरे नवी होत नाहीत. काही नकाशांत जांभळ्या रंगात भर घातलेली दिसते. हवाई छायाचित्रांवरून, प्रत्यक्ष जागेवर न जाता केलेली ती दुरुस्ती असते.

मग रंग. तपकिरी म्हणजे समोच्च रेषा, निळा म्हणजे पाणी, काळा म्हणजे माणसाने उभारलेले काही, हिरवा म्हणजे झाडी. तुटक निळी रेघ दिसली तर पाणी बारमाही नाही, कधीतरीच असते.

नंतर शब्द. ‘मिल’ म्हणजे इथे कापड गिरणी नव्हे, खनिज दळण्याचा कारखाना. त्याला पाणी लागे, म्हणून तो बऱ्याचदा खाणीपासून दूर, पाण्याजवळ असे. ‘टँक’ म्हणजे नेहमी बांधलेली टाकी नसते. खडकातल्या नैसर्गिक खळग्यात साचणाऱ्या पावसाच्या पाण्यालाही हा शब्द वापरलेला आढळतो.

अचूकतेची मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. सुरुवातीचे नकाशे सर्वेक्षकांनी प्लेन टेबल घेऊन, टेकड्यांवरून कोन मोजून तयार केले. मधला भाग अंदाजाने भरलेला असे. शिवाय जुन्या अमेरिकी नकाशांचा मोजणीचा आधार आजच्या जीपीएसपेक्षा वेगळा आहे. कॅलिफोर्नियात त्यामुळे जागा साधारण ८० ते १०० मीटरने सरकलेली दिसू शकते. विहीर सापडली नाही तर ती बुजली असे लगेच ठरवू नये.

जुन्या नकाशावर झरा आहे म्हणून पाणी न घेता तिथे जाणे धोक्याचे आहे, कारण अनेक झरे आटले आहेत. जुन्या खाणींची उघडी तोंडेही जीवघेणी असतात. सरकारी जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू उचलण्यास अमेरिकेत १९७९ च्या कायद्याने बंदी आहे.

भारतात असे करता येते का?

काही प्रमाणात येते. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून कार्यरत आहे. २०१७ पासून त्याचे १:५०,००० प्रमाणाचे ओपन सीरिज नकाशे ऑनलाइन उपलब्ध झाले आणि २०२१ च्या धोरणाने नकाशांवरील बरीच बंधने सैल केली. जुन्या नकाशांसाठी अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागाची ‘यू ५०२’ ही १:२,५०,००० प्रमाणाची मालिका उपयोगी पडते. प्रामुख्याने १९५० च्या दशकातील ही पत्रके टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहेत.

थर वाळवंटासाठी ही तुलना विशेष बोलकी आहे. इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले. त्याआधीच्या माहितीवरील पत्रक आणि आजचे उपग्रहचित्र शेजारी ठेवले तर वाळूतून गेलेला हिरवा पट्टा किती नवा आहे ते कळते. महाराष्ट्रातही हीच पद्धत वापरता येते. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. भीमेच्या पात्रालगतची, आता पाण्याखाली असलेली गावे त्याआधीच्या नकाशांवर शोधता येतात. पळसदेवचे बुडालेले मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की डोके वर काढते. त्याच्याभोवतीचे गाव कसे होते, हे पाहायला मात्र जुना नकाशाच लागतो.